थांबून बघू म्हणताय, पण नक्की कशासाठी थांबायचं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. तुम्ही स्वतः ४१ वर्षांचे, धडधाकट, एकही गोळी चालू नाही. घरात आई ७१ वर्षांची, डायबेटिस आहे आणि मागे अँजिओप्लास्टी झालीये. बायकोला पाचवा महिना. मुलगा ४ वर्षांचा. फ्लूचा नवीन स्ट्रेन पसरायला लागलाय, त्याची लसही आलीये, आणि ऑफिसमधला मित्र म्हणतोय की एवढ्या घाईत बनवलेली लस कशाला टोचून घेतोस, आधी लोकांना घेऊ दे, दोन-तीन महिने बघ काय होतंय, मग ठरव. तुम्हाला त्याचं पटतंयही आणि नाहीही.

मी २७ वर्षं फिजिशियन म्हणून काम करतोय, २००९ ची स्वाइन फ्लूची साथ वॉर्डात उभं राहून बघितलीये, त्यामुळे माझं मत असणारच, पण तुमच्या मित्राला मी वेड्यात काढणार नाही. "आधी बघू" हे मी स्वतः पण करतो. डायबेटिसची नवीन गोळी बाजारात आली की पहिलं वर्षभर मी ती शक्यतो लिहीत नाही, बाकीच्यांचा अनुभव येऊ देतो. पण डायबेटिस वर्षभर थांबतो हो, साथ थांबत नाही. म्हणजे थांबायचं असेल तर कशासाठी थांबतोय आणि ती गोष्ट थांबून खरंच कळणार आहे का, हे आधी बघावं लागतं. बहुतेक लोक इथेच गडबड करतात.

आधी "नवीन स्ट्रेन" म्हणजे काय ते बघू, कारण या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात. फ्लूच्या व्हायरसच्या अंगावर दोन प्रथिनं असतात, एच आणि एन, त्यावरून एच१एन१, एच३एन२ अशी नावं पडतात. हा व्हायरस स्वतःची कॉपी काढताना सारख्या चुका करतो, त्या चुका साठत जातात आणि दर वर्ष-दोन वर्षांनी त्याचा चेहरा थोडा बदलतो. ओळखीचा माणूस दाढी वाढवून आला तर आपण क्षणभर गोंधळतो पण ओळखतो, तसं आपलं शरीर याला अर्धवट का होईना ओळखतं. हा पहिला प्रकार, आणि बातम्यांमधले बरेचसे "नवीन स्ट्रेन" याच प्रकारातले असतात. दुसरा प्रकार म्हणजे प्राण्या-पक्ष्यांमधल्या फ्लूचे तुकडे माणसाच्या फ्लूमध्ये मिसळून किंवा थेट तिकडूनच एकदम वेगळाच व्हायरस येतो, ज्याला आपल्यातल्या बहुतेकांच्या शरीराने कधी बघितलेलंच नसतं. १९१८, १९५७, १९६८ आणि २००९ या चार मोठ्या साथी तशा. हे रोज होत नाही, पण झालं की जगभर पसरतं.

तुमच्याकडे यातला कोणता आलाय हे तुमच्या डॉक्टरला स्पष्ट विचारा, कारण त्यावर बरंच अवलंबून आहे. पहिल्या प्रकारचा असेल तर ही लस म्हणजे दरवर्षीचीच लस, फक्त आतला स्ट्रेन बदललेला. दुसऱ्या प्रकारचा असेल तर धोका मोठा, दोन डोस लागू शकतात, आणि कधीकधी लसीत ॲडज्युव्हंट घालतात, म्हणजे इम्युनिटीला जास्त जागं करणारा पदार्थ. त्यावर पुढे बोलतो, तोच सगळ्यात नाजूक भाग आहे.

आता "घाईत बनवली". हा शब्द ऐकला की लोकांना वाटतं कोणीतरी रात्रीत काहीतरी कालवून बाटलीत भरलं. फ्लूची लस दरवर्षीच घाईत बनते हो! जागतिक आरोग्य संघटनेची तज्ज्ञ मंडळी उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरात बसून पुढच्या हंगामाचे स्ट्रेन ठरवतात, आणि पुढच्या पाच-सहा महिन्यांत कारखाने लस बनवून देतात. बहुतेक लसी अजूनही कोंबडीच्या अंड्यांमध्ये व्हायरस वाढवून, मग तो मारून, फोडून, शुद्ध करून बनतात, आणि ही पद्धत काही दशकं जुनी आहे. साचा तोच, आतली मूर्ती बदलायची. त्यामुळे नेहमीच्या पद्धतीने बनलेली नवीन स्ट्रेनची लस ही "पूर्णपणे नवीन लस" नसते. पण साचाच बदलला असेल, म्हणजे नवीन टेक्नॉलॉजी किंवा नवीन ॲडज्युव्हंट असेल, तर मात्र "घाई झाली का" हा प्रश्न रास्त आहे आणि तो विचारायला लाजू नका.

आता १९७६ ची गोष्ट सांगतो. फ्लूच्या लसीला नावं ठेवणारे सगळे याच गोष्टीपाशी येतात, आणि खरं तर लसीच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही ती नीट वाचायला पाहिजे. त्या वर्षी अमेरिकेत न्यू जर्सीतल्या फोर्ट डिक्स नावाच्या लष्करी तळावर स्वाइन फ्लू निघाला, एक तरुण सैनिक दगावला, आणि हा व्हायरस १९१८ वाल्याच्या नात्यातला दिसतोय म्हटल्यावर सगळ्यांच्या पोटात गोळा आला. मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी अख्ख्या देशाला लस टोचायची घोषणा केली. ऑक्टोबरमध्ये टोचायला सुरुवात झाली, आणि पहिल्या दहा-बारा दिवसांतच पिट्सबर्गमध्ये लस घेतलेली तीन म्हातारी माणसं एकाच दिवशी वारली. झालं, पेपरांत हेडलाइन, काही राज्यांनी लसीकरणच थांबवलं. पण तपासात निघालं काय, तर त्यांच्या मृत्यूचा लसीशी संबंध दिसला नाही. म्हाताऱ्या, हृदयाचे आजार असलेल्या हजारो माणसांना रांगेने टोचलं तर त्यातली काही त्या आठवड्यात तशीही जाणारच असतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला.

गोष्ट इथे संपली असती तर मी तुम्हाला म्हणालो असतो की बघा, लोक उगाच घाबरतात. पण संपली नाही. त्याच मोहिमेत पुढे गिया बारे सिंड्रोमचे पेशंट दिसायला लागले. या आजारात आपलीच इम्युनिटी आपल्या नसांवर उठते, पायापासून अशक्तपणा वर चढत जातो, बहुतेक लोक काही महिन्यांत बरे होतात पण काहींना व्हेंटिलेटर लागतो, काही दगावतात. आणि हा संबंध खरा निघाला. लस घेतलेल्या साधारण दर एक लाख लोकांमागे एक जादा केस. डिसेंबरमध्ये मोहीम बंद केली तोवर ४ कोटींहून जास्त लोकांना टोचून झालं होतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो फ्लू फोर्ट डिक्सच्या बाहेर पसरलाच नाही!

म्हणजे एकाच हंगामात एक खोटी घंटा वाजली आणि एक खरी. तुमच्या मित्राने त्या वेळी "थांबून बघितलं" असतं तर कुठली दिसली असती सांगा? पिट्सबर्गची, खोटी. खरी घंटा लाखात एक होती, ती माणसाच्या नजरेला दिसतच नाही, ती लाखो लोकांच्या नोंदी एकत्र मोजल्या तरच दिसते. तुमच्या ऑफिसात समजा २०० माणसं आहेत, त्या सगळ्यांनी लस घेतली आणि तीन महिने सगळे ठणठणीत राहिले तरी लाखात एकवाली गोष्ट आहे का नाही हे तुम्हाला कळणार नाही, आणि एखादा नेमका आजारी पडला तर तो लसीमुळे पडला का हेही कळणार नाही. ओळखीच्या लोकांकडे बघून ठरवणं म्हणजे फक्त मनाचं समाधान.

१९७६ मधून मी जे घेतलं ते वेगळंच आहे. लस बनवून तयार ठेवणं आणि लस लोकांना टोचणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. बनवायला सांगितली हे बरोबरच होतं, तोवर कोणालाच माहीत नव्हतं पुढे काय होणार. पण ऑक्टोबरपर्यंत तो व्हायरस कुठेच पसरताना दिसत नव्हता, तरी टोचत राहिले, ही चूक. म्हणून मला जर कोणी विचारलं की डॉक्टर, थांबण्याचं एखादं तरी योग्य कारण आहे का, तर आहे, आणि ते हेच: स्ट्रेन नुसता सापडलाय पण माणसातून माणसात पसरत नाहीये. तेव्हा जरूर थांबा, काही घाई नाही. पण तुम्ही लिहिलंय की पसरायला लागलाय, म्हणजे ते कारण तुमच्याकडे उरलेलं नाही.

आता २००९. एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियात दोन मुलांमध्ये नवीन एच१एन१ सापडला, ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली. नवीन लसीचं बीज, म्हणजे लसीसाठी वाढवायचा व्हायरस, अंड्यांमध्ये नीट वाढेना, उत्पादन रखडलं. अमेरिकेत सप्टेंबरच्या मध्याला मंजुरी मिळाली, ऑक्टोबरमध्ये थोडे थोडे डोस यायला लागले, आणि ऑक्टोबरमध्येच तिथली दुसरी लाट शिखरावर होती. भरपूर लस मिळायला लागली तेव्हा लाट उतरत होती. वरातीमागून घोडं. मी त्या वेळी जिथे होतो तिथे असंच झालं, आणि मला आठवतंय, ओपीडीत रोज लोक विचारायचे लस कधी येणार, आणि आली तेव्हा तेच लोक म्हणायला लागले की नको, आधी बघू! तोवर भीती ओसरली होती ना.

त्या साथीत जगभरात पहिल्या वर्षात किती लोक गेले याचा अंदाज साधारण दीड लाख ते पावणेसहा लाख असा आहे, आणि त्यातले जवळजवळ ८० टक्के ६५ वर्षांच्या आतले होते. नेहमीच्या फ्लूमध्ये उलटं असतं, म्हातारी माणसं जास्त जातात. २००९ मध्ये बऱ्याच म्हाताऱ्यांना लहानपणी त्याच कुळातला व्हायरस होऊन गेला होता, १९५७ पूर्वी जन्मलेल्यांच्या रक्तात थोडं संरक्षण शिल्लक होतं. शरीर पहिला फ्लू विसरत नाही. म्हणून नवीन स्ट्रेन आला की "म्हातारे आणि आजारी सांभाळा, तरुणांचं काही नाही" हे वाक्य डोळे मिटून लागू करायचं नसतं.

माझ्या डोक्यातून जात नाही अशी एक पेशंट आहे. पंचविशीतली मुलगी, सातवा महिना, दुसरा कुठलाच आजार नाही. पहिले दोन दिवस ताप, घसा, अंगदुखी. प्रेग्नन्सीत गोळी नको म्हणून घरच्यांनी काढा वगैरे देऊन ठेवलं, चौथ्या दिवशी धाप लागली तेव्हा आणली. व्हेंटिलेटरवर १९ दिवस. ती वाचली, बाळ नाही वाचलं. ही एका पेशंटची गोष्ट झाली आणि वर मीच म्हणालो की ओळखीच्यांकडे बघून ठरवू नका, त्यामुळे आकडा सांगतो: त्या साथीत अमेरिकेत गरोदर बायका लोकसंख्येच्या साधारण १ टक्का होत्या आणि फ्लूच्या मृत्यूंमध्ये साधारण ५ टक्के. पोट वाढल्यामुळे फुफ्फुसाला जागा कमी, हृदयावर ताण, इम्युनिटीचा तोल बदललेला, हे सगळं एकदम येतं.

आता ॲडज्युव्हंटचं. हे सांगितल्याने माझीच बाजू लंगडी होईल पण सांगायलाच पाहिजे. २००९ मध्ये युरोपात पॅन्डेमरिक्स नावाची लस वापरली, ३ कोटींच्या वर डोस. त्यात ॲडज्युव्हंट होतं, कारण ते घातलं की व्हायरसचं प्रथिन कमी लागतं, एरवी १५ मायक्रोग्रॅम तर यात पावणेचार, म्हणजे तेवढ्याच मालात चौपट लोकांना पुरतं. ऑगस्ट २०१० मध्ये फिनलंड आणि स्वीडनमधून बातमी आली की ही लस घेतलेल्या मुलांमध्ये नार्कोलेप्सी जास्त दिसतेय, म्हणजे दिवसा आवरता न येणारी झोप, हसता हसता अंगातलं त्राण जाणं, आणि हा आजार जन्मभर राहतो. पुढे अभ्यास झाले, संबंध खरा निघाला, मुख्यतः मुलांमध्ये आणि टीनएजर्समध्ये, ते पण एका ठरावीक जनुकीय ठेवणीच्या. बीजिंगमध्ये मात्र त्या साथीनंतर लस न घेतलेल्या मुलांतही नार्कोलेप्सी वाढलेली दिसली, म्हणजे त्या व्हायरसचाही त्यात हात असावा असं दिसतं. ती लस आता वापरात नाही.

यातून तुमच्या मित्राला वाटेल की बघ, मी म्हणत होतो. पण तारखा बघा. टोचलं २००९ च्या शेवटी, कळलं ऑगस्ट २०१० मध्ये. दोन-तीन महिने थांबलेल्याला काय दिसलं असतं? काही नाही. त्याने जानेवारीत "सगळं ठीक दिसतंय" म्हणून पोराला तीच लस दिली असती, आणि तोवर लाटही येऊन गेली असती. म्हणजे रिस्क तेवढीच आणि फायदा जवळजवळ शून्य, दोन्हीकडून नुकसान. थांबण्याने सेफ्टीची खात्री मिळते हा समज मला इथे सगळ्यात घातक वाटतो. त्यापेक्षा "ही लस कशी बनलीये, ॲडज्युव्हंट आहे का, असल्यास ते आधी किती वर्षं वापरात आहे, आणि माझ्या मुलाच्या वयासाठी साधी पर्यायी लस मिळते का" हे विचारलं तर त्याचं उत्तर आजच मिळतं, तीन महिने लागत नाहीत. सगळी ॲडज्युव्हंट्स सारखी नसतात, म्हाताऱ्यांच्या फ्लू लसीत एक वेगळं ॲडज्युव्हंट १९९७ पासून वापरात आहे.

आणि गिया बारेचं १९७६ सारखं पुन्हा झालं का? २००९ च्या लसीनंतर अमेरिकेत मोजलं तर दहा लाखांमागे १ ते २ जादा केसेस, म्हणजे १९७६ च्या साधारण पाचवा ते दहावा हिस्सा. आणि लोकांना माहीत नसतं की खुद्द फ्लूनंतरही हा आजार होतो. कॅनडातल्या ओंटारियोमध्ये दोन्ही एकाच मापाने मोजले, तर लसीनंतर दहा लाखांमागे साधारण १ आणि फ्लूसाठी डॉक्टरकडे गेलेल्या दहा लाखांमागे साधारण १७. तुमच्या समोर "लस की काहीच नाही" असे दोन पर्याय नाहीतच, "लस की व्हायरस" असे आहेत, व्हायरस गाठेलच असं नाही हे खरं, पण नवीन स्ट्रेन पसरतोय आणि घरात शाळेत जाणारं पोर आहे म्हटल्यावर शक्यता बऱ्यापैकी आहे. शाळा म्हणजे फ्लूचं जंक्शन.

लसीचा उपयोग किती, यावरही खरं ते सांगतो. फ्लूची लस काही चिलखत नाही. स्ट्रेन चांगला जुळला तर डॉक्टरकडे जावं लागेल असा फ्लू साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. २०१४-१५ च्या हंगामात एच३एन२ ने ऐनवेळी रूप बदललं आणि अमेरिकेत हा आकडा १९ टक्क्यांवर आला. म्हणजे लस घेऊन पण फ्लू झाला असं म्हणणारे लोक तुम्हाला भेटतीलच आणि ते खोटं बोलत नसतात. पण लस घेऊनही फ्लूने ॲडमिट व्हावं लागलेल्यांमध्ये आयसीयूची गरज साधारण चौथ्या हिस्स्याने कमी आणि मृत्यू जवळजवळ तिसऱ्या हिस्स्याने कमी दिसलेत. मला वॉर्डात हाच फरक महत्त्वाचा वाटतो. चार दिवस अंथरुणात काढले तर काढले, पण नळी नको.

तर आता तुमच्या घराकडे येतो, एकेक करून.

बायकोचा निर्णय माझ्या मते सगळ्यात सोपा आहे, तरी घरोघरी सगळ्यात जास्त चर्चा त्याचीच होते. मेलेल्या व्हायरसची, म्हणजे दंडात टोचायची लस कुठल्याही महिन्यात देता येते, कोट्यवधी गरोदर बायकांना दिली गेलीये, आणि आईच्या अँटीबॉडी नाळेतून बाळाकडे जातात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही, म्हणजे ते पहिले सहा महिने बाळाला जे काही मिळणार ते आईकडूनच. नाकात फवारायची लस मात्र प्रेग्नन्सीत नको, त्यात जिवंत पण कमजोर केलेला व्हायरस असतो. तिच्या स्त्रीरोग डॉक्टरांशी एकदा बोला, पण "डिलिव्हरी झाल्यावर बघू" असं कोणी म्हणालं तर कारण विचारा.

आईच्या बाबतीत लोक फक्त न्यूमोनियाचा विचार करतात. मी हृदयाचा जास्त करतो. फ्लू झाल्यावर पहिल्या सात दिवसांत हार्ट ॲटॅकची शक्यता साधारण सहा पट वाढलेली दिसलीये, हा अभ्यास २०१८ चा आहे. शरीरात आग पेटल्यासारखी सूज असते, रक्त गोठायची प्रवृत्ती वाढते, स्टेंट बसवलेल्या माणसाला हे परवडत नाही. २०२१ मध्ये एक चाचणी आली, त्यात हार्ट ॲटॅकनंतर लगेच फ्लूची लस दिलेल्यांमध्ये पुढच्या वर्षभरात मृत्यू, पुन्हा ॲटॅक वगैरे मिळून २८ टक्क्यांनी कमी झाले. ६५ च्या पुढच्यांसाठी जादा ताकदीची लसही असते, प्रथिन चौपट, कारण वयाने इम्युनिटी आळशी होते. मिळाली तर ती घ्या, नाही मिळाली तर तिच्यासाठी अडून बसू नका, साधी घ्या. आई रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असतील तर बंद करायच्या नाहीत, फक्त टोचल्यावर दोन मिनिटं दाबून धरायचं, चोळायचं नाही. आणि न्यूमोकोकसची, म्हणजे न्यूमोनिया करणाऱ्या एका बॅक्टेरियाची लस झालेली नसेल तर त्याच दिवशी दुसऱ्या दंडात घेता येते, फ्लूनंतर जीव घेणारा न्यूमोनिया बरेचदा बॅक्टेरियाचा असतो.

मुलगा. त्याला आधी कधीच फ्लूची लस दिलेली नसेल तर या वयात दोन डोस लागतात, मध्ये किमान चार आठवडे, आणि दुसऱ्या डोसनंतर पूर्ण परिणाम यायला अजून दोन आठवडे. म्हणजे सहा आठवडे. घरात सगळ्यात जास्त वेळ त्याचाच लागतो, म्हणून लस थोडी थोडी मिळत असेल तर त्याचा पहिला डोस उशिरा ठेवून चालत नाही. वर म्हटलेले ॲडज्युव्हंटचे प्रश्न मुख्यतः याच्यासाठी विचारायचे.

आणि तुम्ही. खरं सांगू का, तुमच्या एकट्याच्या जिवासाठी म्हणाल तर पहिल्या प्रकारचा स्ट्रेन असताना फायदा छोटा आहे. ४१ वर्षांचा निरोगी माणूस बहुतेक वेळा आठवडाभर कण्हून उठतो. दुसऱ्या प्रकारचा असेल तर मी असं म्हणणार नाही, २००९ मध्ये चाळिशीतली धडधाकट माणसं मी गमावलीयेत. पण कुठलाही असो, आईच्या शरीरात लस अर्धीच काम करणार, पोटातलं बाळ अजून यायचंय, आणि रोज बाहेरून घरी येणारे तुम्ही. तुमचा डोस बराचसा त्यांच्यासाठी आहे. डोस मोजकेच असतील तर मात्र तुम्ही शेवटी.

बाकीच्या शंका भराभर. लसीने फ्लू होतो का? दंडातल्या लसीने नाही, व्हायरस मेलेला असतो. दंड दुखतो, एखादा दिवस कणकण येते, बायकोला ताप आला तर पॅरासिटामॉल चालतं. अंड्याची ॲलर्जी आता अडचण मानत नाहीत, पण आधीच्या फ्लू लसीचीच जबरदस्त रिॲक्शन आली असेल तर ती अडचण आहे. तशी जोरदार ॲलर्जी दहा लाख डोसमागे साधारण एखाद्याला येते, आणि बहुतेकदा लगेच येते, म्हणून टोचल्यावर १५-२० मिनिटं तिथेच बसायचं, पळायचं नाही. सर्दी असेल तर लस चालते, सणसणून ताप असेल तर उतरू द्या. पारा असतो म्हणतात तो अनेक डोसच्या बाटलीतल्या प्रिझर्व्हेटिव्हमधला, अगदी किंचित आणि शरीरातून लवकर निघून जाणारा, तरी नकोच वाटत असेल तर एका डोसची भरलेली सिरिंज मागा. कोणाला पूर्वी फ्लूच्या लसीनंतर सहा आठवड्यांत गिया बारे झालेला असेल तर मात्र तो वेगळा विषय, तिथे मी पण सहसा टाळतो.

मित्राला दाखवायचं असेल तर हे दाखवा, त्याचा राग मानू नका. तो तुमच्या काळजीनेच बोलतोय, फक्त त्याच्या घरात बहुतेक कोणी गरोदर नाही आणि कोणाला स्टेंट नाही, त्याचं गणित वेगळं येऊ शकतं.

एक राहिलं. लस घेतली तरी पहिले दोन आठवडे तुम्ही उघडेच आहात. त्या काळात, किंवा नंतरही, बायकोला किंवा आईला ताप आणि खोकला सुरू झाला तर टेस्टच्या रिपोर्टची वाट बघत घरी बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरला गाठा. ओसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर जास्त काम करतं आणि प्रेग्नन्सीतही देतात. मुलाला तापात ॲस्पिरिन द्यायची नाही, आईची हृदयासाठीची चालू असेल ती बंद करायची नाही. धाप लागली, ओठ निळे दिसले, बोलण्यात गोंधळ वाटला, मूल पाणीही पिईना, किंवा ताप उतरून दोन दिवसांनी पुन्हा चढला तर सरळ हॉस्पिटल, रात्रीचे दोन वाजले असले तरी.